कोरी गोळी

दवाखान्यातल्या बाकावर आज एक म्हातारे गृहस्थ शर्टाचं बटण लावत बसले होते. बोटं थरथरत होती, काज सापडत नव्हतं. मी मान वळवली. घरी हेच मी रोज बघते.

माझ्या यजमानांना कंपवात आहे. मागे एका नव्या औषधाच्या चाचणीत त्यांनी भाग घेतला. निम्म्यांना खरं औषध मिळणार, बाकीच्यांना औषध नसलेली कोरी गोळी, आणि कोणाला काय दिलं ते शेवटीच सांगणार, असं ठरलं होतं. थोड्याच दिवसांत हे स्वतःची बटणं लावू लागले. चहाचा कप न सांडता ओठांपर्यंत जाऊ लागला. मी मनात म्हटलं, मिळालं खरं औषध.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कोरी गोळी होती. या आजारात असं होतं. नुसत्या आशेनेही मेंदू काही काळ सुधारतो."

"आणि ज्यांना खरी मिळाली ते?" ह्यांनी विचारलं.

"तेही तुमच्याइतकेच सुधारले. त्याहून जास्त नाही."

ते औषध तिथेच बाद झालं. ह्यांची थरथर हळूहळू परतली. पोटात न गेलेल्या औषधाने इतके दिवस त्यांचा हात धरून ठेवला होता, आणि एका वाक्याने तो सुटला.

आज डॉक्टरांनी आणखी एका चाचणीबद्दल विचारलं.

"दुसऱ्या कोणाला तरी घ्या," हे शांतपणे म्हणाले. "माझा आता विश्वास बसायचा नाही."