घ्या परत, वैनी

बुद्धिबळात समोरच्यानं आपला घोडा मारला की राग येतो, हे कुणालाही पटेल. मला राग आहे तो न मारलेल्या घोड्यांचा. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, ठरलेल्या दिवशी उगवलेले मोजायचे. जो दाणा उगवला न्हाई, तो उगवला न्हाई म्हणूनच लिहायचा. लेक शिकायला पुण्याला गेली आणि रविवारच्या सकाळी घर खायला उठायला लागलं. वडिलांनी लहानपणी बुद्धिबळ शिकवलं होतं, ते डोक्यात कुठंतरी शिल्लक होतं. जुन्या जालन्यात एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांचा क्लब आहे असं कळलं. स्कूटी काढली, पूल ओलांडला आणि जिना चढून गेले.

आत दहा-बारा बाप्ये. बाई मी एकटीच. मी दारात उभी राह्यले तर सगळे उठून उभे राह्यले! मला तेव्हाच समजायला पाह्यजे होतं. खेळाच्या जागी कोणी कुणासाठी उठत असतं का? पण मला बरं वाटलं. एकानं पंखा माझ्याकडं वळवला, दुसऱ्यानं खुर्ची पुसली. त्यांच्यात एक निवृत्त गणिताचे शिक्षक होते, सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायला लागले. "या वैनी, बसा," म्हणून त्यांनीच समोर बसवलं.

त्या पहिल्याच डावात मी वजीर फुकट देऊन बसले. सरांनी पटाकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं आणि हसून म्हणाले, "घ्या परत, वैनी."

मी घेतला.

तेव्हापासून तेच. सर असोत, वकील असोत, धान्याचे व्यापारी असोत, माझी चूक झाली की पटावरून हात मागं आणि तोंडावर हसू. "घ्या परत, वैनी." कधी कधी तर मी चूक करायच्या आधीच समोरचे खोकायचे, मला सावध करायला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आपल्याला लोक किती जीव लावून राह्यलेत असं वाटायचं. चारातले दोन डाव मी जिंकायचे. घरी येऊन यांना सांगायचे, "आज सरांना हरवलं!" हे पेपरातून डोकं काढून म्हणायचे, "वा!" आणि परत पेपरात.

आणि मी काय हौसेला तिथं जात न्हव्हते. मला खरंच चांगलं खेळायचं होतं. आयुष्यात एक गोष्ट तरी अशी पाह्यजे होती जी मी कुणाची आई, कुणाची बायको म्हणून न्हाई, माझ्या डोक्यानं केलेली असेल. पुस्तकं आणली. डब्यासोबत एक पुस्तक ऑफिसात न्यायचे. मोबाइलवर कोडी सोडवायचे, अनोळखी माणसाशी मोबाइलवर खेळणं मात्र मला जमलं न्हाई, समोर माणूस दिसावा लागतो. चार वर्षं हे केलं. मंग ठरवलं, जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धेत उतरायचं आणि मला ओळखत न्हाई अशा एका माणसाला तरी हरवून यायचं. एकच. जास्त न्हाई.

क्लबात सांगितलं तर सगळे खूश. "वैनी, बिलकुल घाबरू नका, तुम्ही सरांना हरवता!" सरही मान हलवत होते. आज वाटतं, त्या वेळी तरी त्यांनी तोंड उघडायचं होतं.

पहिल्या दोन फेऱ्या हरले. ते चालतं. तिसऱ्या फेरीत समोर अंकुशनगरच्या साखर कारखान्यातला एक फिटर आला. शांत माणूस, नखांत काळं ग्रीस. त्याची आणि माझी चांगली जुंपली. अर्ध्या डावात मी त्याचा घोडा मारला, फुकट. हाच तो माणूस, हाच तो डाव, असं वाटलं. मी वजीर उचलला, त्याच्या राजाला शह देत ठेवला, हात सोडला. आणि मंग दिसलं की कोपऱ्यातला उंट बराबर त्याच घरावर डोळा लावून बसलाय.

आता कोणीही खेळाडू असता तर त्यानं कपाळाला हात लावला असता. मी काय केलं? मी हसले. "थांबा थांबा, ही न्हाई," म्हणाले, वजीर उचलून जागेवर ठेवला, हत्ती पुढं सरकवला आणि घड्याळाचं बटण दाबलं. इतकं सहज, जसं काही घरात मिठाचा डबा चुकून उचलला आणि साखरेचा घेतला.

फिटर माझ्याकडं पाहतच राह्यला. "मॅडम, चाल झाली ना तुमची."

"अहो पण माझं लक्षच न्हव्हतं!"

त्यानं हात वर करून पंचांना बोलावलं. पंचांनी ऐकून घेतलं, वजीर उचलून परत त्या घरात ठेवला. उंटानं तो मारला. पंच जाता जाता थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कुठं खेळता तुम्ही? तिथं सोडलेली चाल परत घेऊ देतात का?" आजूबाजूच्या पटांवरची माणसं मान वर करून पाहत होती. जमीन दुभंगावी असं झालं. तो डाव हरले, पुढचे दोनही हरले.

त्या फिटरवर मला कणभर राग न्हव्हता. त्यानं काय चुकीचं केलं? स्कूटीवर घरी येईपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकात गेल्ती ती त्या दहा-बारा हसऱ्या तोंडांवर. चार वर्षं या लोकांनी माझ्या हाताला वाईट सवय लावली आणि वर मला पंखा वळवून दिला!

पुढच्या रविवारी क्लबात पोहोचले ती तापलेलीच. "वैनी, काय झालं?" म्हणून सगळे गोळा झाले. मी सगळं सांगितलं. व्यापारी चुकचुकले. वकील म्हणाले, "पंच लई कडक दिसतो. बाईमाणसाला जरा समजून घ्यायला पाह्यजे."

"न्हाई पाह्यजे!" मी ओरडलेच. "आजपासून माझी एक चाल कोणी परत द्यायची न्हाई. हात लावला की खेळायचं. सर, बसा."

सर बसले. पण मनातला राग पटावर उपयोगाचा नसतो. दहाव्या-बाराव्या चालीला मी हत्ती उघडा टाकला. सरांच्या ओठांवर ते जुनं वाक्य आलं, मी डोळे वटारले, त्यांनी गिळलं.

"मारा," मी म्हणाले.

त्यांनी हत्तीकडं पाह्यलं. आणि मारला न्हाई. पलीकडचं एक प्यादं अलगद एक घर पुढं सरकवलं आणि हाताची घडी घालून बसले.

माझं डोकंच फिरलं. मी हातानं सगळा पट झाडला. प्यादी खाली, उंट खाली, राजा घरंगळत वकिलांच्या चपलेपर्यंत गेला. "मी काय दूधखुळी हाय का? हत्ती समोर पडलाय आणि तुम्ही प्यादं चालता?"

"वैनी, रागावू नका," सर म्हणाले. "तुमचा मान ठेवतो आम्ही."

"मान घाला चुलीत!" म्हणाले आणि पर्स उचलून जिना उतरले.

दोन रविवार गेले न्हाई. हे म्हणाले, "अगं, चांगली माणसं आहेत, जाऊ दे ना." चांगली आहेत, तोच तर वांधा आहे. वाईट असती तर पहिल्या आठवड्यातच मला कळलं असतं मी कुठं आहे ते. तिसऱ्या रविवारी मात्र राहवलं न्हाई. खेळ माझा होता, तो मी त्यांच्याकडं का सोडायचा? गेले.

कोणी उठलं न्हाई. कोणी पंखा वळवला न्हाई. कोपऱ्यातल्या पटापाशी बसले तर समोर कोणी येईना. अर्धा तास मी एकटी सोंगट्या मांडून बसले. ते फुगले होते का घाबरले होते, कोण जाणे.

मंग सर आले. कपाटातून घड्याळ काढलं, माझ्या पटाशेजारी ठेवलं आणि बसले. या न्हाई, बसा न्हाई, कशा आहात न्हाई. माझ्यापुढं पांढरे होते. मी प्यादं चालले.

पंधराव्या चालीपर्यंत मी संपले होते. काय खेळले सर! मी ज्याला चाल समजत होते ती त्यांनी तीन चाली आधीच पाह्यलेली असायची. त्यांचा एकही मोहरा रिकामा बसलेला न्हव्हता. माझा घोडा त्यांनी मारला तेव्हा वर मानसुद्धा केली न्हाई. चार वर्षं मी ज्यांच्यासमोर बसत होते तो माणूस मी आज पहिल्यांदा पाहत होते.

"एवढं येतं तुम्हाला?" मी विचारलं.

"येतं."

"मंग चार वर्षं माझ्यापासून लपवून का ठेवलं?"

सरांनी तो मारलेला घोडा बोटांत फिरवला. म्हणाले, "आमची ही खेळायची. लग्नानंतर मीच शिकवलं. रोज हरवायचो. एक दिवस तिनं पट माळ्यावर टाकला तो परत काढला न्हाई. म्हणलं, तुम्हीही यायच्या बंद व्हाल."

दुसऱ्या कुणाला गलबलून आलं असतं. मला अजून चीड आली. "मंग त्यांची माफी त्यांच्याकडं मागा ना! मी काय तुमची बायको हाय का?"

वकिलांचा चहाचा कप हवेतच राह्यला. सरांचे कान लाल झाले. आणि मंग त्यांनी खाली मान घालून सोंगट्या परत मांडायला घेतल्या. या वेळी पांढरे त्यांनी स्वतःकडं ठेवले.

दुसरा डावही हरले. तिसऱ्यात जरा तगले. पंचवीस चाली बराबरीनं खेळले, त्यांना दोनदा कपाळ चोळायला लावलं. आणि मंग माझ्या हातानं वजीर उचलला, ठेवला, सोडला, आणि सोडल्या सोडल्या दिसलं. हात आपोआप परत गेला, सोंगटीच्या डोक्याला टेकणार एवढ्यात मी तो मागं ओढून मांडीखाली दाबला. सरांनी हत्तीनं माझा वजीर मारला, उचलून त्यांच्या बाजूला ठेवला, बटण दाबलं.

मला रडू आलं. भर खोलीत, दहा-बारा माणसांसमोर, रागानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कोणी खोकलं न्हाई. कोणी पाण्याचा गिलास पुढं केला न्हाई. माझं घड्याळ चालू होतं.

"तुमची चाल," सर म्हणाले.