कप्तान शेवटी पितो

दादानं ते अंतराळयानाचं पिक्चर माजलगावच्या व्हिडिओ हॉलमध्ये अर्धंच पाहिलं. कोरडाठाक ग्रह, पाण्याच्या शोधात निघालेलं यान. यान उडालं आणि लाईट गेली, ती काही आली नाही. पुढं काय झालं ते त्याला कधी कळलंच नाही, आणि खरं सांगते, तेच आमचं नशीब.

कारण पुढचं सगळं आम्ही रचलं. दुष्काळातला उन्हाळा, लिंबाखाली घागरींची रांग आणि टँकरचा पत्ता नाही. रस्त्यावर ऊन लवलवायचं, लांबच्या बाभळी पाण्यात उभ्या असल्यागत दिसायच्या. दादा बोलत राहायचा. मला डुलकी लागायची. जाग यायची तोवर यान आणखी एक तारा ओलांडून गेलेलं असायचं. आई घागरीला टेकून डोळे मिटायची. "जळ्ळं मेलं तुमचं यान! टँकर आला का बघा," म्हणायची.

दादा तेव्हा गावच्या सहकारी सोसायटीत नुकताच कामाला लागला होता, म्हणून त्याचं यानसुद्धा सोसायटीच! यानातला प्रत्येक माणूस शेअर घेतलेला सभासद. ताऱ्यापाशी पोचलं की वार्षिक सभा, चहा, चिवडा. डावीकडं वळायचं तरी ठराव. सूचक दादा, अनुमोदक मी, कारण अनुमोदक नसला तर ठराव पुढं सरकतच नाही. एक ठराव मात्र कायमचा होता: पाणी पाळीनं, आणि कप्तान शेवटी पिणार.

"कावून?" मी विचारायची.

"कप्तान हाय म्हणून."

पुढं मी लग्न होऊन घाटनांदूरला गेले. त्या पिक्चरचे पुढचे भाग आले म्हणे, आमच्यापर्यंत काही पोचले नाहीत. मग बऱ्याच वर्षांनी पुन्हा एक पावसाळा कोरडा चालला. पोळ्याला माहेरी आले तर गावात फक्त सोसायटीच्या विहिरीला पाणी. तेही आधी अध्यक्षाच्या गल्लीत जायचं, उरलंसुरलं आम्हाला. दुसऱ्या दिवशी सोसायटीची सभा होती. पाणी पाळीनं द्या, अध्यक्षाच्या घराची पाळी शेवटी, असा ठराव दादा मांडणार होता. अनुमोदकासाठी तो दारोदार फिरला. "लई बरोबर हाय तुमचं," असं सगळेच म्हणाले. नाव द्यायला एकही तयार नाही. मी तर परगावची, सभासदच नव्हते.

त्याच दुपारी टीव्हीवर ते पिक्चर लागलं, पुढच्या भागांसकट. मिशा पिकलेला दादा पोरागत पुढं सरकून बसला. यान उडालं. या खेपेला लाईट गेली नाही, घात झाला तो तिथंच. यानात ना सभा, ना पाळी. कप्तान हुकूम सोडतोय आणि बाकीचे सलाम ठोकतायत. माणसं पाण्यावाचून ओठ चाटतायत आणि हा गडी टबात, गळ्यापर्यंत फेसात!

"आंग धुतोय की त्यो!" दादा ओरडला.

मला हसू फुटलं, पण त्याचं तोंड बघितलं आणि हसू विरलं. त्यानं टीव्ही बंद केला. "तितं बी त्येच, हितं बी त्येच. मी उद्या सभेला जात न्हाई."

अस्सा राग आला मला! "त्या पिक्चरवाल्यांना काय कळतंय, दादा? यान आपलं हाय!" तो भिंतीकडं तोंड करून पडला. आई शेंगा फोडत होती.

सकाळी आईनं त्याचा धुतलेला सदरा पुढं टाकला. "चल. मला बी यायचंय." वडलांच्या माघारी शेअर तिच्या नावावर झाला होता, सभेला जायची ती चिवड्यापुरती, म्हणून अनुमोदनाला तिला विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मी मागोमाग जाऊन खिडकीशी उभी राहिले. दादानं कोरड्या आवाजात ठराव वाचला. अध्यक्ष मिशीत हसले.

"अनुमोदक कोण?"

माणसं आपापल्या चपला बघू लागली. दादा खाली बसणार, तेवढ्यात मागच्या ओळीत आई पदर सावरत उठली.

"मी हाय. लिंबाखाली डोळे मिटून ऐकत व्हते रं, झोपले न्हवते. कप्तान शेवटी पितो."

कोण कप्तान, कुठला लिंब, सभेत कुणालाच उमगलं नाही. दादानं बाहीनं डोळे पुसले, आणि अध्यक्षांना ठराव मताला टाकावा लागला.