रोस्टच्या पहिल्या कापाचा फोटो

ईस्टरच्या सकाळी सहालाच मला जाग आली. चूळही न भरता मी आधी फ्रिज उघडला. मांस जागेवर होतं. जाणार कुठे म्हणा! पण गेल्या तीन दिवसांत मी असं वीसेक वेळा तरी बघितलं असेल. गुड फ्रायडेलाही बघितलं, आणि त्या दिवशी नुसतं बघणं पापात मोडतं का, असं वाटून घाईने दार लावलं.

साडेतीन किलोचा एकच तुकडा होता तो, बीफचा, पाठीकडचा, वरून बोटभर जाड पांढरी चरबी. गोठलेला होता तेव्हा दगड. फ्रीजरचा एक खण काढून टाकला तेव्हा कुठे मावला होता. आता मऊ पडून, रात्रभर मीठ मुरून वरून कोरडा, गडद लाल झाला होता. मी बोटाने दाबून बघितलं. नववीनंतर मी कुठली परीक्षा दिलेली नाही, पण आज परीक्षा आहे, हे मात्र लगेच ओळखलं.

हा तुकडा मला मिळाला तो हेगमधल्या आमच्या हॉटेलचं किचन बंद पडलं म्हणून. तिथे मी चार वर्षं भांडी घासत होतो. बायको पुण्याहून इथे नेदरलँड्सला आयटीतल्या नोकरीवर आली आणि मी तिच्या व्हिसाला लटकून. डच येत नाही, इंग्रजी मोडकंतोडकं, आणि शाळा अर्धवट सोडलेली. कुठे कोणी काही विचारलं तर, या धास्तीने पहिलं वर्षभर मी हेगजवळच्या झूटरमेरमधल्या आमच्या फ्लॅटमधून फारसा बाहेरच पडलो नाही. मग हॉटेलात काम मागायला गेलो, तर तिथल्या शेफने शिक्षण विचारलंच नाही. "हात दाखव," म्हणाला. हात उलटेपालटे करून बघितले आणि अ‍ॅप्रन दिला. त्या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधी विसरणार नाही.

कोरोनाच्या त्या वर्षी मार्चमध्ये एका रविवारी संध्याकाळी सरकारने बंदी जाहीर केली आणि तासाभरात सगळी रेस्टॉरंटं बंद झाली. दुसऱ्या दिवशी शेफने आम्हाला बोलावलं आणि दीड मीटरचं अंतर ठेवून रांगेत उभं करून शीतखोली वाटून टाकली. कोणाला लोणी, कोणाला चीज, कोणाला अंड्यांचे ट्रे. माझी पाळी आली तेव्हा हा तुकडा त्याने टेबलावर ठेवला आणि स्वतः मागे सरकला.

"ह्याची करी करायची नाही," तो म्हणाला. "अख्खा भाजायचा. कापलास की पहिल्या कापाचा फोटो मला पाठवायचा. या कडेपासून त्या कडेपर्यंत गुलाबी पाहिजे. तसा आला, तर आपण उघडू तेव्हा तू सिंकवर नाही, माझ्या शेजारी, शेगडीसमोर. नाही आला तर सिंक कुठे पळत नाही."

मी हे घरी सांगितलं नाही. सांगून बसलो आणि फसलो तर?

खरं म्हणजे रोस्ट मी जन्मात केला नव्हता. पण रोस्टचे ट्रे घासले होते, शेकड्याने. भांडी घासणाऱ्याला स्वयंपाक उलट्या बाजूने कळतो. तारेच्या घासणीलाही दाद न देणारा काळा थर असला की समजायचं, ओव्हन फार तापला होता; त्या दिवशी शेफ सगळ्यांवर खेकसायचा. भाजल्या भाजल्या घाईने कापलं, तर सगळा रस कापायच्या फळीवर सांडलेला असायचा. आणि कधीकधी ट्रेच्या तळाला नुसता तांबूस, पातळ, गुळाच्या पाकासारखा थर यायचा, बोटाने निघणारा. त्या दिवशी शेफ गाणं गुणगुणायचा. तो थर मी चाटूनही बघितला होता. मला घरच्या ट्रेमध्ये तो बघायचा होता, बस.

घरात आम्ही तिघं. मी, बायको, आणि फेब्रुवारीत दीड महिन्यासाठी म्हणून आलेल्या, विमानं थांबल्यामुळे अडकलेल्या सासूबाई. वसईतल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. "आमचे जावई हॉटेल लाइनला आहेत," असं त्या फोनवर लोकांना सांगत, आणि समोरच्याने "म्हणजे नक्की काय?" विचारलं की त्यांना नेमकं गॅसवरचं दूध आठवे. पण त्या दिवशी त्याही खुशीत होत्या. चाळीस दिवसांचा उपवासकाळ, घरात मांसाचा तुकडा शिजलेला नाही, चर्च बंद. सकाळी लॅपटॉपसमोर साडी नेसून बसून त्यांनी वसईच्या चर्चची मिस्सा-प्रार्थना ऐकली आणि संपता संपता मला हाक मारली, "झाला सण! आता काढा ते बाहेर."

काढलं. दोन-अडीच तास ओट्यावर ठेवलं, मग पुसून मोठ्या तव्यावर चहूबाजूंनी परतायला घेतलं. चरबी तडतडायला लागली आणि घरभर असा वास सुटला की तिघंही तव्याभोवती जमलो. मग धुराचा अलार्म कोकलायला लागला.

"टॉवेल फिरव, टॉवेल!" बायको खुर्चीवर चढत ओरडली. "शेजारी फायर ब्रिगेड बोलावतील!"

"येऊ देत," सासूबाई म्हणाल्या. "साडेतीन किलो आहे. पुरेल."

मी ओव्हन एकशेवीसवर लावला. सासूबाई वाकून आकडा बघून आल्या.

"एकशेवीस? एवढ्यावर नानकटाई तरी भाजेल का?"

"हळूहळू भाजायचंय, आई."

"आणि शिट्टी?"

"ओव्हनला शिट्टी नसते."

"मग झालं हे कळणार कसं? आमच्याकडे आठ शिट्ट्या दिल्या की म्हातारा रेडासुद्धा शरण येतो."

"मम्मी, हा देश वेगळा आहे," बायको म्हणाली. "इथे शरण कोणी आणत नाही. इथे मांसाबरोबर मीटिंग घेतात."

थर्मामीटर माझ्याकडे नव्हता. शेफ कसं बघतो ते मी सिंकवरून बघितलं होतं: लोखंडी सळई मधोमध खुपसायची, दहा आकडे मोजायचे आणि खालच्या ओठाला लावायची. दीड तासाने लावली, गार. अर्ध्या तासाने पुन्हा, कोमट. मला हसू येत होतं, कारण दर वेळी सासूबाई मागून मोठ्याने आकडे मोजत होत्या. तिसऱ्यांदा सळई ओठाला लागली आणि ऊब जाणवली. तान्ह्या बाळाचं दूध हातावर टाकून बघतो ना, तेवढीच. मी रोस्ट बाहेर काढला. खाली ट्रेमध्ये तांबूस, चकचकीत, पाकासारखा थर! मी ओट्याला धरून जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

आता अर्धा तास त्याला हात लावायचा नव्हता. मांस निवांत पडलं की रस आत मुरतो. मी वर सैलसर फॉइल घातली आणि सणाचा शर्ट घालायला म्हणून आंघोळीला गेलो. बाथरूममध्ये चक्क गात होतो.

बाहेर आलो तर ओटा रिकामा. ओव्हन घूं घूं करत होता. आकडा होता दोनशे.

"आई, रोस्ट?"

"आत ठेवलाय. तुम्ही बाहेरच विसरला होतात. मी सळई टोचली तर लाल पाणी आलं. म्हटलं, सणाच्या दिवशी कच्चं कसं वाढायचं?"

"किती वेळ झाला?"

"पंधरा मिनिटं असतील. का हो?"

मी फडक्याने ट्रे खेचून बाहेर काढला आणि तिथेच फरशीवर बसलो. आणि मग सगळं सांगून टाकलं. शेफ, फोटो, सिंक, शेगडी, सगळं.

"महिनाभर हे पोटात ठेवलंस?" बायको म्हणाली. "माझ्यापासून?"

ट्रेच्या कडेने थर काळा पडला होता, सासूबाईंनी वाकून तिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अरे, आधी सांगायचंस ना मला. मी त्याला हात लावला असता का?"

अकरा वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा 'अरे' म्हटलं. पण तेव्हा मला फक्त सुरी दिसत होती. दहा मिनिटं थांबून कापलं. कडेने अंगठ्याएवढी राखाडी पट्टी, आणि आत मात्र गुलाबी, ओलं, सुंदर. जवळजवळ जमलं होतं. ते जास्तच झोंबलं.

बायकोने माझा मोबाइल उचलला. "मधला भागच घेते. कड क्रॉप केली की कोणाला कळतंय?"

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. मी मान हलवणारच होतो.

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "या घरात कॉपी चालणार नाही. अख्खा काप दिसू दे. आणि मला कागद दे."

खुर्ची ओढून त्या बसल्या आणि ठळक, सरळ इंग्रजी अक्षरांत त्यांनी लिहिलं. मराठीत सांगायचं तर असं: 'आदरणीय महोदय, भाजलेले मांस योग्य वेळी बाहेर काढण्यात आले होते. ते परत ओव्हनमध्ये ठेवण्याची चूक सर्वस्वी माझी आहे. कृपया त्याबद्दल याचे गुण कापू नयेत. आपली विश्वासू.' खाली सही, आणि सहीखाली 'मुख्याध्यापिका (निवृत्त)'. बायकोने कापाचा फोटो आणि कागदाचा फोटो, दोन्ही पाठवले.

आम्ही जेवायला बसलो. बटाटे, व्हिनेगरमधला कांदा, ट्रेच्या रसात दालचिनी घालून केलेली ग्रेव्ही. सासूबाईंनी आधी शेवटचा, पुरता भाजलेला काप घेतला. "हा बरा आहे." मग काट्याने गुलाबी काप उचलून उजेडात धरला. "शपथेवर सांग, शिजलंय?"

"शिजलंय, आई."

त्यांनी डोळे मिटून एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि दुसरा काप ताटात ओढून घेतला.

तेवढ्यात शेफचा आवाजी निरोप आला, डचमध्ये. बायकोने दोनदा ऐकला, हसली, मग सांगायला लागली. "म्हणतोय, राखाडी कड दिसतेय, पण आतलं अगदी बरोबर आहे, म्हणजे बाहेर वेळेवर काढलं होतंस. निवांत पडलेल्या मांसाला कोणी हात लावला तर मी त्याला किचनमधून हाकलतो, म्हणतोय. पण मुख्याध्यापिकांना हाकलायची माझी हिंमत नाही. आणि तुझ्यासाठी निरोप: स्वतःची एक चांगली सुरी घेऊन ठेव, शेगडीसमोर ती लागते."

"हे सगळं ठीक आहे," सासूबाई काटा खाली ठेवत म्हणाल्या. "पास की नापास?"

"पास, मम्मी."

किचन कधी उघडणार, हे त्या एप्रिलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं, शेफलाही नाही. दुकानंही त्या दिवशी बंदच होती. तरी मी ताटावरून उठलो आणि घरातल्या होत्या तेवढ्या सुऱ्या ओट्यावर मांडून एकेकीची धार अंगठ्याने बघायला लागलो.

"अरे, जेव तरी आधी!" मागून सासूबाई ओरडल्या. "गार होतंय!"