लिटरमागे तीन किलोमीटर

मी एका सरळ माणसाला पेट्रोलचोर म्हटलं. काल तो माणूस गेला.

मुरुगेसन अण्णा. आमच्या घरी अकरा वर्षं ड्रायव्हर होते.

माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मला ‘तंबी’ म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात कॉफी पिता पिता आमची तंजावुरी मराठी शिकले होते.

माझे वडील, अप्पा, होते तोवर गाडीला अण्णांखेरीज कोणाचा हात लागत नसे. टाकी काठोकाठ भरायची, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ, आणि मधल्या किलोमीटरला लिटरने भागायचं, ही अप्पांची पद्धत. ॲव्हरेज सतराच्या खाली कधी आलं नाही.

अप्पा गेल्यावर ओरत्तनाडूची शेती बघायला मी दर रविवारी जाऊ लागलो. त्या दिवशी अण्णांना सुट्टी. चारला मला पेपरच्या डेस्कवर हजर व्हायचं असायचं, त्यामुळे गाडी पळवायचो.

गावच्या बसला हॉर्न मारत ओव्हरटेक. पुढे रस्त्यावर भात वाळत घातलेला दिसला की करकचून ब्रेक. पुन्हा ॲक्सिलरेटर. पुन्हा ब्रेक.

एका रविवारी अम्मालाही शेतावर यायचं होतं, म्हणून अण्णा सोबत आले. स्टिअरिंग मात्र मी सोडलं नाही.

थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, “तंबी, ती बस थांबतेय, दिसली ना? मग आत्ताच पाय काढा. पेट्रोल जाळून वेग आणायचा आणि ब्रेक मारून तो फुकट घालवायचा, कशाला?”

“अण्णा, मी पोचायला निघालोय. पेट्रोल वाचवायला नाही.”

मागून अम्मा म्हणाली, “मुरुगेसन चालविला तर मज झोंप येते. तू चालविलास तर देव आठवतो.”

तिघंही हसलो.

काही महिन्यांत ॲव्हरेज चौदावर आलं.

गाडी तीच, रस्ते तेच. मला वाटलं, अप्पा नाहीत, आता विचारणारं कोणी नाही, म्हणून हे चाललंय.

बातमी दोनदा तपासल्याशिवाय न सोडणारा मी. इथे एकदाही तपासलं नाही.

अप्पांच्या वर्षश्राद्धाला राजवाड्यामागच्या गल्लीतले आमचे सगळे नातेवाईक जमले होते. जेवणं झाली. मंडळी पुढच्या ओट्यावर बसली. चुलतभावाने सहज विचारलं, “गाडी किती देते रे हल्ली?”

मी मोठ्याने म्हणालो, “चौदा. बाकीचं कुठल्या नळीने जातं, ते अण्णांना विचार.”

कोणीतरी हसलं.

अण्णा पाच पावलांवर काच पुसत होते. त्यांनी ती काच पूर्ण पुसली. फडकं पिळून वाळत टाकलं. मग येऊन किल्ली माझ्या शेजारी ठेवली.

“गाडी पुसून ठेवलीय, सार.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा ‘तंबी’ऐवजी ‘सार’.

ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मी त्यालाही पुरावा मानलं.

अम्मा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, “तुझा अप्पा असता तर तुलाच उतरविला असता गाडीतून.”

नवा ड्रायव्हर ठेवला नाही. रोज मीच चालवू लागलो. चोर गेल्यावर ॲव्हरेज वाढायला हवं होतं.

ते बारावर आलं.

गळती असेल म्हणून मेकॅनिककडे गेलो. त्याने सगळं बघितलं, टाकी भरून घेतली आणि मला शेजारी बसवून ओरत्तनाडूपर्यंत जाऊन आला. कुठे घाई नाही. पुढची बस लांबूनच ओळखून पाय काढायचा. परत टाकी भरली, हिशेब केला.

सतरा.

“गाडीत दोष नाही सार,” तो म्हणाला. “तुमच्या उजव्या पायात आहे.”

त्याच संध्याकाळी मी अण्णांच्या घरी जायला हवं होतं.

गेलो नाही. ‘या आठवड्यात काम आहे’ असं स्वतःशीच म्हणालो. तो आठवडा सहा वर्षं चालला.

मध्ये एकदा चहाच्या टपरीवर भेटले. शाळेची व्हॅन चालवत होते. मीच ओशाळलो, ते नाही. “अम्मा बऱ्या आहेत ना, सार?” मी म्हटलं, बरी आहे. माफीचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. चहा संपला, व्हॅनमधली मुलं ओरडायला लागली, ते निघाले. मला सुटल्यासारखं वाटलं.

त्या सुटकेचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

काल दुपारी त्यांच्या गावी गेलो. कालव्याकाठचं दोन खोल्यांचं घर. अंगणात खुर्च्या मांडलेल्या. त्यांच्या बायकोसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “अक्का, अण्णांनी पेट्रोल घेतलं नव्हतं. चूक माझी होती.”

त्या तमिळमध्ये, आवाज न चढवता म्हणाल्या, “मला कशाला सांगता? मला कधी शंकाच नव्हती. तुमच्या गल्लीतली चार घरं त्यांना लग्नाला, देवदर्शनाला गाडी चालवायला बोलवायची. त्या दिवसानंतर एकानेही बोलावलं नाही. सांगायचं तर त्या घरांना सांगा.”

म्हणून हे लिहितोय. तमिळमध्येही लिहून टाकलंय, कारण आमच्याकडे देवनागरी वाचणारे थोडेच, आणि अक्कांच्या घरी कोणीच नाही.

त्या दिवशी ओट्यावर असलेले काका, मामा, भावंडं, आणि ज्यांच्यापर्यंत ते बोलणं पोचलं ती सगळी घरं, ऐका.

मी बोललो ते खोटं होतं. कमी पडणारं पेट्रोल मीच जाळत होतो.

हसला होता तो जो कोणी असेल, त्याने एकदा त्या घरी जाऊन यावं. पत्ता मी देतो.

अण्णा, तुमच्या हयातीत हे बोलायची हिंमत झाली नाही. हात जोडून निरोप देतो.