साळवे सर आणि माझ्या दारातलं झाड

"देशमुख काका, बाबा गेले..." साळवे सरांची मुलगी फोनवर एवढंच बोलली. त्याला आता दीड महिना झाला. मी "बरं" म्हणालो. बरं! अशा बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण हल्ली मी लवकर दमतो, आणि त्या क्षणी दुसरा शब्दच सापडला नाही.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी भौतिकशास्त्र. निवृत्तीनंतर आम्ही एकाच कॉलनीत आलो आणि सकाळी बरोबर फिरू लागलो. कॉलनीत गाड्या वाढल्या तसा सरांचा भाव वाढला. लोक मोबाइलवर पानाचा फोटो दाखवायचे आणि विचारायचे, "सर, ह्याखाली गाडी लावली तर चिकट पडंल का?" सर आधी झाडाचं नाव सांगायचे, मग त्याला फुलं कधी येतात ते, आणि तोवर विचारणारा हातातली किल्ली फिरवत उभा असायचा. "नाव कुणालाच नको असतं हो देशमुख," सर म्हणायचे. "फक्त सावली पाहिजे, तीही कोरडी."

मीही त्यातलाच. नवी गाडी घेतली, दारातल्या झाडाखाली लावली, आणि आठवड्याभरात काचेवर असा थर बसला की वायपर अडकू लागला. मी त्या झाडाला शिरीष समजत होतो. सर आले, म्हणाले, "शिरीष नाय, रेन ट्री आहे." मग बोनेटवरचा थेंब बोटावर घेऊन त्यांनी चक्क जिभेला लावला. "लई गोड आहे! हा झाडाचा चीक नाय. पानाखाली किडे बसलेत, त्यांचा चिकटा हा. आमच्या सिल्लोडकडं कपाशीवर मावा पडला की असाच पडतो. म्हणून कुणी कपाशी उपटतं का? दोन महिने गाडी पलीकडं लावा, जाईल." त्या झाडाची एक डहाळी ते खिशात घालून घेऊन गेले.

गाडी पलीकडं लावायचा मला कंटाळा आला. झाड काढायचं खरं कारण एवढंच. सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं पुण्याला गेले होते, तेव्हाच झाड काढण्यासाठी कॉलनीची बैठक भरली. कुणीतरी विचारलं, "साळवे सरांना विचारलंत का?" मी म्हणालो, "सरांनीच सांगितलंय, चिकट ह्याच झाडावरून पडतं." अर्धं खरं सांगितलं, उरलेलं गिळलं. सरांचं नाव आल्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. परवानगी मिळाली, झाड गेलं.

परत आल्यावर सर त्या बुंध्यापाशी थोडा वेळ उभे राहिले. कुणीतरी त्यांना सांगितलंच असणार की हे तुमच्याच सांगण्यावरून झालं. मला मात्र ते एका शब्दानं बोलले नाहीत. फिरणं चालू राहिलं, चहा चालू राहिला. फक्त वाटेत एखादं झाड दाखवून मी नाव विचारलं की म्हणायचे, "आता ओळखू येत नाय, देशमुख." डोळ्यांचं असेल, वय झालं, असं मी धरून चाललो. तसं धरून चालणं सोयीचं होतं.

परवा सरांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. सरांची गादी उन्हात टाकायची म्हणून त्यांनी उचलली, तर खाली वर्तमानपत्रांच्या घड्या. प्रत्येक घडीत दाबलेलं पान आणि सरांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. काही चिठ्ठ्या तर सर जाण्याआधीच्या महिन्यातल्या. "ऑपरेशन छान झालं होतं," वहिनी म्हणाल्या. "चष्म्याशिवाय लिहायचे. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला झाडं सांगायचे."

"मला म्हणायचे, ओळखू येत नाही," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. "तुम्हाला म्हणायचे?" असं विचारून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

मी एकटाच घड्या उलगडत बसलो. एकीत रेन ट्रीची डहाळी होती. चिठ्ठीवर नावाखाली लिहिलं होतं, 'देशमुखांच्या दारातलं. निरोगी.' पानं कागदाला चिकटून बसली होती. ओढली असती तर फाटली असती. घडी तशीच मिटली आणि बाकीच्या घड्यांखाली ठेवून दिली.