बशीत मेलेल्या पेशी

इस्लापूरच्या जंगलातल्या एका झाडाची साल मी नांदेडच्या प्रयोगशाळेत चार वर्षं वाळवत, कुटत आणि तिचा अर्क काढत होते. यश एकदाच आलं. काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मेल्या. बशीत त्या फिनाईल ओतलं तरी मरतात, हे मला ठाऊक होतं. बातमीसाठी आलेल्या पेपरवाल्याला मात्र मी ते सांगितलं नाही. त्याचा चेहरा इतका फुलला होता की मलाही थोडं फुलावंसं वाटलं.

चाकूरच्या कन्येनं कॅन्सरवर औषध शोधलं, अशी बातमी छापून आली. मग चाकूरजवळच्या आमच्या गावात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सरपंचांचं लांबलचक भाषण. मी सगळं हसतमुखानं अंगावर घेतलं. पहिल्या रांगेत मावशी बसली होती. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिला छातीचा कॅन्सर होता आणि लातूरला केमो चालू होती.

दिवाळीला घरी गेले तेव्हा कळलं, सत्कारानंतर ती लातूरला गेलीच नव्हती.

"लई आग होती गं त्या सलाइननं," ती म्हणाली. "म्हनलं, आपल्या पोरीचं औषध यायलंय, मग कशाला सोसायचं?"

मी तिच्यावर ओरडले. राग खरं तर माझा मलाच आला होता. "मावशी, ते औषध नाही गं! नुसत्या बशीतल्या पेशी मेल्यात."

"मग शाल कशाला घेतलीस?"

दुसऱ्याच दिवशी तिला लातूरला नेलं. डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहिले आणि मला बाजूला बोलावलं. आजार यकृतात उतरला होता.

परतीच्या एसटीत माझ्या चेहऱ्यावरून तिनं सगळं ओळखलं. मग म्हणाली, "तुझं कच्चं का असंना, माझ्यावर करून बघ. तुझ्या अभ्यासाला तर कामी येईन."

आदल्याच आठवड्यात प्रयोगशाळेतल्या शेवटच्या तपासणीचा निकाल हाती आला होता. अर्क जसजसा शुद्ध करत गेले, तसतसा त्याचा गुण नाहीसा झाला होता. उरलेल्या चिमूटभर भुकटीनं बशीतली एक पेशीही मरत नव्हती. हे तिला सांगायचं मला धाडस झालं नाही.

"बघू," एवढंच म्हणाले.

तिनं बाही वर सारली. "डाव्या हातात दे बाई. उजव्याच्या शिरा सलाइननं संपल्यात."