दारात आलेली गोष्ट

कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हा घरातल्याच खोलीत मेणात एकेक दात बसवायचा. "म्हाताऱ्यांचं हसू माझ्या भावाच्या हातात आहे," असं त्याची ताई कौतुकानं सांगायची.

वीस वर्षं वाकून बसल्यानं पाठ कामातून गेली. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी आराम पडला; पण पुढं पाठ गप्प बसली तरी शरीर गोळ्या मागू लागलं. त्या डॉक्टरांनी हात आखडता घेतला. तेव्हा तो एकदाच पुलाखाली गेला. तिथं असलं सगळं मिळायचं. दोघांनी धक्काबुक्की करून त्याचं घड्याळ काढून घेतलं, आणि परत फिरताना समोर नेमके त्याला कामं देणारे एक डॉक्टर.

"तुम्ही इकडे कुठे?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग कुणाकडून तरी घरपोच गोळ्या देणाऱ्याचा नंबर मिळाला. इस्त्रीचा शर्ट घातलेला, चाळिशीचा माणूस भरदुपारी दारात येई. हातात साधं पाकीट. शेजाऱ्यांना वाटे, दातांची मापंच आली. "चेहरा उतरलाय आज. जेवलात का?" असंही तो विचारी. बायको गेल्यापासून हे विचारणारं घरात होतं कोण? गोळ्या शिल्लक असतानाही हा कधीकधी त्याला फोन करी.

हात थरथरू लागले. कवळ्या परत येऊ लागल्या, मग कामंच आटली. एकदा तो माणूस दारात पाकीट देत असतानाच ताई न सांगता येऊन थडकली आणि सगळं उघडं पडलं.

"अरे, घरबसल्या मिळतंय म्हणून खात सुटलास?"

"पुन्हा पुलाखाली जावं लागलं असतं तर लाज आडवी आली असती, ताई. इथं कोण अडवणार होतं?"

ताईनं त्याला उपचारांसाठी भरती केलं. दीड महिन्यानं घरी आणलं, नंबर बदलला आणि स्वतः तिथंच मुक्काम ठोकला.

एका दुपारी बेल वाजली. दार ताईनं उघडलं.

"पुन्हा या उंबऱ्यावर दिसलास तर पोलिसांच्या ताब्यात देईन!"

"बरे आहेत ना ते?" बाहेरून हळू आवाज आला. दार धाडकन आपटलं.

आतल्या खोलीत त्यानं उशीत तोंड खुपसलं. हुंदका गोळ्यांसाठी होता की त्या विचारपुशीसाठी, त्याचं त्यालाच कळेना. ताईला वाटलं, पाठ दुखतेय. ती शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन आली.